वजन उतरवायला सुया आणि योगासनं एकत्र: पॅकेज घ्यावं का?

सावली

नमस्कार मंडळी. वय ४३, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७६. दुसऱ्या बाळंतपणात चढलेलं वजन धाकटी नववीत गेली तरी उतरायचं नाव घेत नाही. थायरॉइडची गोळी चालू आहे. साखर आणि बीपी अजून तरी शहाण्यासारखे वागताहेत.

इथे नाशिकला घराजवळच्या एका केंद्राने तीन महिन्यांचं पॅकेज काढलंय. आठवड्यातून दोनदा अ‍ॅक्युपंक्चर, तीनदा तासाभराचा योगवर्ग, कानाला कसल्याशा बिया चिकटवतात आणि सोबत 'आहार मार्गदर्शन'. सगळं मिळून तीस हजारांच्या आसपास. फलकावर लिहिलंय, १० किलो हमखास. थाप म्हणून उडवून लावलं असतं, पण माझ्या जाऊबाईंचं तिथेच सात किलो उतरलं. त्यांचे ब्लाउज आटवायला मीच टाकून आले, त्यामुळे ऐकीव नाही.

नवरा म्हणतो, एवढ्या पैशात दोन वर्षं पोहायला जा. त्याचं काय जातं म्हणायला!

तर सुयांनी खरंच भूक कमी होते का? योगाने वजन उतरतं की नुसतं अंग मोकळं होतं? आणि दोन्ही एकत्र केल्याने काही जास्तीचं पदरात पडतं का? विनोद चालतील, मधूनमधून उत्तरंही द्या.

पेठेतला पाहुणा

पाकीट नक्की हलकं होईल. बाकी जाणकार सांगतीलच. चिवडा घेऊन बसलोय.

सुईदोरा

मी अ‍ॅक्युपंक्चर करते, सांगलीकडे. मूळ शिक्षण फिजिओथेरपीचं. तेव्हा माझं मत घरच्या बाजूला झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

वजनासाठी बहुतेक जण ठरलेले बिंदू घेतात. बेंबीच्या दोन्ही बाजूंना तियानशू, बेंबी आणि छातीच्या हाडाच्या मधोमध झोंगवान, गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला झुसानली, घोट्याच्या वर आतल्या बाजूला सानयिनजियाओ. सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते, इंजेक्शनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक. वीस-तीस मिनिटं ठेवतात. काही जण पोटावरच्या सुयांना हलका विद्युतप्रवाह जोडतात, तेव्हा पोटात मुंगी चालल्यासारखं वाटतं.

कानाचं प्रकरण वेगळं. कानावरच्या बिंदूंचा आजचा नकाशा फ्रान्समधल्या लिआँ शहरातल्या पॉल नोजिए या डॉक्टरांनी १९५०च्या दशकात मांडला, पुढे चिनी लोकांनी तो वाढवला. 'भूक', 'जठर', 'शेनमेन' असे बिंदू त्यात येतात. तिथे बारीक बी चिकटपट्टीने लावतात आणि खावंसं वाटलं की दाबायला सांगतात. कानाच्या खोलगट भागात व्हेगस मज्जातंतूची एक फांदी येते आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवण्यात याच व्हेगसचा हात असतो. म्हणून हे पटण्यासारखं वाटतं. पटण्यासारखं वाटणं आणि सिद्ध होणं यात अंतर आहे, तेही सांगून ठेवते.

माझ्याकडचे पेशंट काय सांगतात? संध्याकाळी पाच-सहाची ती जी खाखा असते, ती पहिले काही आठवडे कमी होते. झोप सुधारते. बस. सुई टोचून चरबी 'फुटते' किंवा 'वितळते' असं कुणी सांगितलं, तर चपला घाला आणि घरी या.

अवांतर: १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याला ठाऊक असतात. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू १९५०च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि इकडे घेऊन आले. भारतातल्या अ‍ॅक्युपंक्चरचं मूळ त्या पथकात आहे, आणि आपल्याकडे कुणालाच ते सांगावंसं वाटत नाही.

उंटावरचा शहाणा

सुईदोरा, दंडवत. धंदा सांभाळून इतकं खरं बोलणारं माणूस विरळा.

आता आकडे. लठ्ठपणावर अ‍ॅक्युपंक्चरच्या ३१ चाचण्यांचा एकत्रित आढावा २००९मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ ओबेसिटी'त आला होता. सगळी मिळून तीन हजारांवर माणसं. नुसतं खाणं-पिणं, व्यायाम बदलणाऱ्यांपेक्षा सुया घेणाऱ्यांचं वजन सरासरी १.७२ किलो जास्त उतरलं. खोट्या सुया लावलेल्या गटाशी तुलना केली तर फरक १.५६ किलो. आणि बहुतेक चाचण्यांचा दर्जा कच्चा आहे, हे त्याच लेखकांनी लिहून ठेवलंय.

म्हणजे सुयांच्या बाजूने अगदी उदार होऊन मोजलं तरी दीड-पावणेदोन किलो. फलक म्हणतो दहा. मधले आठ किलो कुठून येणार, हा या धाग्याचा खरा प्रश्न आहे.

मनमौजी मावशी

खोट्या सुया म्हणजे काय हो? नाटकातल्या तलवारीसारख्या?

सुईदोरा

मावशी, अगदी तशाच. टोक बोथट, दाबली की मुठीत आत सरकते, त्वचेला टोचल्यासारखं वाटतं पण आत जात नाही. कधी खरी सुई चुकीच्या जागी, वरवर टोचतात. अडचण अशी की त्वचेला नुसता स्पर्श झाला तरी शरीर काहीतरी प्रतिसाद देतंच. त्यामुळे खोटी सुई ही साखरेच्या गोळीइतकी निरुपद्रवी तुलना नाही, असं आमच्या बाजूचं म्हणणं. शिवाय टोचणाऱ्याला तर कळतंच की आपण काय करतोय.

उंटावरचा शहाणा

मान्य. पण मग 'खरी जागा' वगैरे नकाशांचं काय उरलं? असो, ते भांडण वेगळ्या धाग्यावर करू. सावलीताईंचे तीस हजार आधी वाचवू.

लोणावळेकर

योगाची बाजू मी मांडतो. निवृत्तीनंतर शिकवतो. वर्गात निम्म्याहून जास्त लोक वजनासाठीच येतात, आणि पहिल्याच दिवशी मी त्यांचा हिरमोड करतो.

साधा हिशेब बघा. संथ हठयोगात शरीर बसून असतानाच्या अडीच पट ऊर्जा वापरतं. ७६ किलोच्या माणसाला तासाला १९० कॅलरी. त्यातल्या ७६ नुसतं बसूनही गेल्याच असत्या. म्हणजे वर्गामुळे जास्तीच्या खर्च झाल्या ११४. आठवड्याला तीन तास, तेरा आठवडे: साडेचार हजारांच्या आत-बाहेर. एक किलो चरबीला ढोबळमानाने ७७०० कॅलरी धरतात. तीन महिन्यांच्या आसनांनी उतरलं अर्ध्या किलोपेक्षा थोडं जास्त. सूर्यनमस्कारांचा वेग धरला, साधारण ३.३ पट, तरी किलोच्या आतच.

योगावरच्या ३० चाचण्यांचा आढावा २०१६मध्ये आला, त्यातही हेच दिसतं. सगळ्या माणसांमध्ये मिळून वजनावर ठोस परिणाम नाही. मात्र मुळातच वजन जास्त असलेल्यांपुरतं बघितलं तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, उतरलेला दिसला. त्याच वर्षी जर्मनीतल्या एका चाचणीत पोट सुटलेल्या साठ बायका होत्या. बारा आठवडे योग करणाऱ्यांची कंबर न करणाऱ्यांपेक्षा सरासरी ३.८ सेंटिमीटरने कमी भरली. ब्लाउज आटवायला टाकावे लागले याचं अर्धं उत्तर कदाचित इथे आहे, वजनकाट्यावर नाही.

मग एवढा कमी खर्च होऊनही काही लोक बारीक का होतात? माझ्या पाहण्यात कारण एकच: त्यांचं खाणं बदलतं. सकाळी सहाला वर्ग असेल तर माणूस रात्री अकराला जेवत नाही. भरल्या पोटी पवनमुक्तासन करून बघा, तोच धडा पुरतो. आणि तासभर श्वासाकडे लक्ष देण्याची सवय लागली की हात डब्याकडे जाताना निदान दिसतो तरी.

जड शरीराला आसनं कशी द्यायची, हे मात्र शिक्षकाला विचाराच. ३० बीएमआयच्या बाईला पहिल्या आठवड्यात वज्रासनात बसवणारा शिक्षक असेल, तर गुडघ्यांची वाट लागलीच म्हणून समजा. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, पट्टे, लाकडी ठोकळे, लोड यांची जी पद्धत उभी केली, ती अशा शरीरांसाठी वरदान आहे. भिंतीला टेकून त्रिकोणासन, खुर्चीवर भारद्वाजासन, पायांखाली लोड घेऊन शवासन. सूर्यनमस्कार हवेतच असतील तर आधी खुर्चीचा आधार घेऊन. आणि बीपी वाढलेलं असेल, हर्निया असेल, तर जोरजोरात कपालभाती नको, टीव्हीवर कुणी काहीही सांगो.

पेठेतला पाहुणा

म्हणजे सुया दीड, आसनं अर्धा. दोन किलो. तीस हजार भागिले दोन. पंधरा हजार रुपये किलो. हापूस स्वस्त पडेल.

न्यूजर्सीकर काकू

इकडे कानातल्या सुयांचा वेगळाच इतिहास आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या लिंकन हॉस्पिटलमध्ये १९७०च्या दशकात अमली पदार्थ सोडवायला कानात पाच सुया लावायची पद्धत बसवली गेली. आजही व्यसनमुक्तीच्या ठिकाणी दहा-पंधरा माणसं खुर्च्यांवर गोलात बसलेली असतात, कानात सुया, कुणी बोलत नाही. आमच्या गावातल्या केंद्रात असा सामूहिक वर्ग आहे, त्यात मी जाते. गोडाची ओढ कमी झाल्यासारखी वाटते खरी. पण मला विचाराल तर अर्धा तास फोनशिवाय गप्प बसायला मिळतं, त्याचाही वाटा असणार. वजन? जैसे थे. मी भारतातून येताना आणलेल्या चितळ्यांच्या बाकरवडीला कुठलीच सुई पुरी पडत नाही.

भाकरतुकडा

सावलीताई, मी असलं पॅकेज घेतलंय. वेगळ्या शहरात, वेगळ्या केंद्रात, पण साचा तोच. सुया चांगल्या होत्या, डिस्पोजेबल, माझ्यासमोर पाकीट फोडायचे. योगशिक्षिका तर इतकी गोड होती की अजून बोलणं आहे. वजनही उतरलं.

पण 'आहार मार्गदर्शन' नावाचा जो कागद देतात ना, तो नीट वाचा. माझ्या कागदावर सकाळी दूध-साखर नसलेला चहा, एक फळ, दुपारी एक भाकरी, वाटीभर भाजी, वरणाचं पाणी, संध्याकाळी मूठभर चणे, सातच्या आत सूप किंवा मूग. तेल दिवसाला दोन चमचे. मुलीने मोबाइलवर हिशेब घातला तेव्हा हजार कॅलरीसुद्धा भरल्या नाहीत. एवढ्यावर सुया न टोचता, आसनं न करताही कुणीही उतरेल. पॅकेज संपलं, कागद सुटला, केस मूठमूठ गळाले आणि वजन मुक्कामाला परत आलं.

उंटावरचा शहाणा

हे ते आठ किलो!

जाऊबाईंचाच हिशेब करू. सात किलोतले दोन सुया आणि आसनांच्या खात्यात टाकले, तरी पाच उरतात. पाच किलो म्हणजे ३८,५०० कॅलरी. ९१ दिवसांत वाटल्या तर रोज चारशेच्या वर. रात्रीचा भात, दोन चहांतली साखर आणि चारचं फरसाण बंद केलं की एवढं होतंच. सावलीताई, जाऊबाईंकडून तो कागद मिळवा.

सुईदोरा

भाकरतुकडा, केस गळणं हे प्रथिनं कमी पडल्याचं लक्षण असू शकतं, वजन फार भराभर उतरलं तरीही होतं. कागद कुणी लिहिला होता, आहारतज्ज्ञ होत्या का?

माझी बाजू थोडी सावरते. कमी खायचं हे सगळ्यांना माहीत आहे, ते पेलवत नाही ही अडचण आहे. सुयांमुळे ती पहिली कठीण पंधरा-वीस दिवसांची खिंड पार होत असेल आणि योगवर्गामुळे संध्याकाळचे दोन तास स्वयंपाकघरापासून लांब जात असतील, तर दोन्हींचा उपयोग आहेच. फक्त श्रेय कुणाचं हे केंद्राने खरं सांगावं. 'सुयांनी दहा किलो' म्हणून फलक लावायचा आणि काम कागदाकडून करून घ्यायचं, याची मला चीड येते. आम्ही बदनाम होतो.

काळा कोट

फलकाबद्दल: १९५४च्या औषधे व जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात रोगांची यादी आहे, त्यात लठ्ठपणा येतो. सुया आणि आसनं त्या कायद्याच्या व्याख्येत बसतात का, यावर आमची जमात दहा वर्षं भांडेल. पण 'हमखास' शब्दाचा फोटो काढून ठेवा.

कायाकल्प_स्लिम

ताई आमच्याकडे हर्बल बेल्ट + अ‍ॅक्यु मॅग्नेट उपलब्ध, १५ दिवसांत फरक, इनबॉक्स करा

संपादक मंडळ

वरच्या सदस्याचं खातं बंद केलं आहे. प्रतिसाद नमुना म्हणून राहू दिला आहे.

पेठेतला पाहुणा

संपादकांना विनोदबुद्धी आहे, हे नव्यानेच कळलं.

स्टेथोस्कोप

फिजिशियन आहे, उशिरा आलो. काही गोष्टी.

एक म्हणजे, सावलीताई, कुठलंही पॅकेज घेण्याआधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, पुन्हा करून बघा. गोळी 'चालू आहे' आणि मात्रा बरोबर आहे या दोन वेगळ्या गोष्टी. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), लिव्हर या तपासण्या करून घ्या. घरच्यांना विचारा, झोपेत घोरता का, श्वास अडकतो का. घोरण्याकडे आपल्याकडे चेष्टेने बघतात, पण निद्राश्वसनरोध असेल तर दिवसभर थकवा आणि भूक दोन्ही वाढतात.

भारतीयांना बीएमआय २३ ला 'जास्त वजन' आणि २५ ला 'लठ्ठपणा' धरायचं, असं आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ सालीच ठरवलं. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषांची ९०. हे आकडे युरोपपेक्षा खाली का, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामावरून कळतं. २००४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिनचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिनची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. काट्यावर बारीक दिसणारा आपला माणूस आतून तसा नसतो. म्हणून लोणावळेकर म्हणतात ती कंबर मोजाच. श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, दर वेळी त्याच जागी.

ध्येय दहा किलो कशाला? पाच टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत ३.८ किलो उतरलं तरी साखर-बीपीच्या दृष्टीने फायदा सुरू होतो.

सुयांबद्दल: एका वेळेला वापरून टाकायच्याच हव्यात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, पेसमेकर असेल तर विद्युतप्रवाह नको, गरोदर असाल तर सानयिनजियाओसारखे बिंदू टाळतात. छातीवर, खांद्यावर खोल सुई गेली तर फुप्फुसाला भोक पडून हवा भरू शकते. क्वचित होतं, पण होतं. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, तुम्ही भाजीवालीला काटा बघू म्हणता तसंच ते.

आणि कुणीतरी विचारणारच म्हणून: सेमाग्लुटाइड या वजन उतरवायच्या इंजेक्शनच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, नुसता आहार-व्यायाम आणि खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. ताकद त्या औषधात आहे. दुष्परिणाम आहेत, खर्च आहे, थांबवलं की बरंच वजन परत येतं. डॉक्टरांशी बोलून ठरवायची गोष्ट, दुकानातून आणायची नाही.

मनमौजी मावशी

आमच्या हास्यक्लबात एक जण तळहातावर मेथीचे दाणे चिकटवून देतात. तेही अ‍ॅक्युपंक्चरच का?

सुईदोरा

नाही मावशी, ते सुजोक. कोरियातल्या प्रा. पार्क जे वू यांची पद्धत, तळहात-तळपायावर सगळं शरीर मांडलेलं. मेथी टोचत नाही म्हणून लोकांना आवडतं. वजन उतरेल अशा आशेने चिकटवू नका. उरलेली मेथी भाजीत घाला.

सावली

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. जाऊबाईंनी आढेवेढे घेत कागद पाठवला. भाकरतुकडाच्या कागदाची सख्खी बहीण! भात बंद, गूळ-साखर बंद, सातनंतर तोंडाला कुलूप. वर जाऊबाई म्हणतात, "ते तर सगळेच सांगतात गं, पण सुयांमुळे जमलं." सुईदोरांचं खिंडीचं म्हणणं मग अगदीच चूक नसावं.

केंद्रात जाऊन विचारलं की सुयांचं सुटं सत्र मिळेल का. नाही म्हणाले, पॅकेजच. नोंदणी क्रमांक विचारला तर मॅडम बाहेर गेल्यात म्हणाले. मग उठले.

आता असं ठरवलंय: टीएसएच आणि बाकीच्या तपासण्या या आठवड्यात. जवळच अय्यंगार पद्धतीचा वर्ग आहे, सकाळी साडेसहाचा, तिथे नाव घातलं. आहारासाठी मैत्रिणीच्या ओळखीच्या आहारतज्ज्ञ आहेत, त्यांना पहिली अट घातली की भात पूर्ण सोडणार नाही, आम्ही इगतपुरीकडचे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मोजून खा. सुया नंतर, नोंदणी असलेलं आणि सुट्या सत्राचे पैसे घेणारं कुणी सापडलं तर, तेही फक्त संध्याकाळच्या भुकेसाठी.

लोणावळेकर काका, घरी सरावाला खुर्ची कुठली घेऊ? आमच्याकडे प्लास्टिकच्या आहेत.

लोणावळेकर

प्लास्टिकची अजिबात नको, फरशीवर पाय फाकतात. घडीची लोखंडी खुर्ची घ्या. पाठीचा पत्रा फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून घ्यायचा, फक्त चौकट ठेवायची, कडा घासून गुळगुळीत करायला सांगा. पायांना रबरी बूच असलेच पाहिजेत. पहिल्यांदा भिंतीला लावून बसून बघा, सरकते का ते. आणि पहिले दोन आठवडे वर्गात जे शिकवतील तेवढंच घरी करा, यूट्यूबवरचं काही त्यात मिसळू नका.

भाकरतुकडा

सावलीताई, त्या आहारतज्ज्ञांचं प्रथिनांचं प्रमाण किती ठरलं ते इथे नक्की लिहा. मलाही पुन्हा सुरू करायचंय.